बिऱ्हाड तळ्याकाठी

“का रे बाबा, घर पडलंय का आपलं?”

भंडारदऱ्याच्या तळ्याकाठी दोन रात्री तंबूत राहून यायचे, असा बेत मी घरात जाहीर केला, तेव्हा मातोश्रींच्या तोंडून निघालेला हा पहिला उद्गार. घर पडले नव्हते. उलट नुकतीच त्याला रंगरंगोटी झाली होती आणि रंगाऱ्याचे थोडे देणेही बाकी होते. पण पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने प्रजासत्ताकदिनाला जोडून आलेली सुटी साधली होती, चौघांसाठी दोन तंबू राखून ठेवले होते आणि माणशी एका रात्रीचे हजार रुपये या हिशेबाने सगळी रक्कम भरूनही टाकली होती. आगाऊ भरलेले पैसे ही मध्यमवर्गीय माणसाच्या साहसामागची फार मोठी प्रेरणा असते. तेव्हा मी, सौभाग्यवती आणि नुकतीच कॉलेजात गेलेली कन्या अशी आमची स्वारी निघणार हे ठरून गेले.

मातोश्रींचा प्रश्न हसण्यावारी नेता आला. दुसरा एक प्रश्न मात्र तसा नेता आला नाही. तो विचारला माझ्या द्वितीय वर्षाच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने. जळकोटपासून दोन-अडीच कोसांवरच्या वाडीचा हा मुलगा. त्याचे आईवडील दर साली दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि हा म्हाताऱ्या आजीजवळ राहून शिकतो. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकडीतला तो फार कामाचा गडी. आमचा बेत कसा कोण जाणे त्याच्या कानावर गेला. अध्यापकांच्या खोलीच्या दाराशी तो घुटमळला आणि म्हणाला,

“सर, तुम्ही पालात राहायला चाललाव, अन् वर पैसे बी देऊलालाव?”

त्याच्या स्वरात टोमणा नव्हता. निखळ आश्चर्य होते, आणि म्हणूनच ते शब्द मनाला लागले. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी तो एक गाठोडे घेऊन आला. आईवडिलांची टोळी त्या साली प्रवरेच्या काठी, कोल्हारच्या आसपास उतरली होती आणि आमची वाट तिथूनच जात होती. गाठोड्यात एक लोकरीची शाल, गुडघ्यांना लावायचे मलम आणि आजीने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. “आईला एवढं द्या सर,” म्हणाला, “थंडी लई हाय तिकडं.”

अशा रीतीने आमच्या मौजेच्या सामानात एका गरजेच्या गाठोड्याची भर पडली.

मराठीच्या अध्यापकाला शब्दांचा नाद असायचाच. प्रवासात मनाशी चाळा सुरू झाला, की कापडी निवाऱ्याला आपल्या भाषेत शब्द तरी किती आहेत! सरदाराचा तो डेरा, शिपायाची ती राहुटी, दरबाराचा तो शामियाना, आणि आडोशाला बांधतात ती कनात. या साऱ्यांच्या तळाशी ‘पाल’: एक आडवी काठी, तिच्यावर टाकलेले कापड आणि दोन्ही बाजूंनी ठोकलेल्या मेखा. पालाच्याही खालची पायरी म्हणजे ऊसतोड्यांची ‘कोपी’. चार बांबू, वर पाचट नाहीतर ताडपत्री, आणि आत शिरायचे ते वाकूनच. म्हणजे माणसाची पायरी त्याच्या घरावरूनच कळते असे नाही. तो घराबाहेर कशाखाली निजतो, यावरूनही ती कळते.

उघड्यावरचा मुक्काम आपल्याला तसा नवा नाही. आषाढीच्या वारीत लाखो माणसे रोज नवे गाव गाठतात, रोज राहुट्या ठोकतात आणि रोज उपटतात. आमच्या बाजूला नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगाव आहे. तिथे मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट आणि गुरे यांचा मोठा बाजार होतो आणि दूरदूरचे भटके लोक माळावर पाले ठोकून राहतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ती पाले मी पाहिलेली आहेत. चुलींचा धूर, कुत्र्यांचे भुंकणे, आणि पालाच्या तोंडाशी खेळणारी, थंडीने गाल फुटलेली पोरे. त्या वेळी वाटे, काय यांची चैन आहे! शाळा नाही, मास्तर नाही, आणि रोज जत्रा!

हौसेखातर तंबूत राहण्याची चाल मात्र पश्चिमेकडून आली, आणि तिची कथा मोठी मासलेवाईक आहे. तिचा जनक मानला जाणारा टॉमस हायरम होल्डिंग हा लंडनचा शिंपी. १८५३ साली, अगदी लहान असताना, आईवडिलांबरोबर अमेरिकेत स्थलांतर करताना तो मिसिसिपी नदीच्या काठी काही आठवडे तळ देऊन राहिला होता. तो अनुभव त्याच्या मनातून गेला नाही. मोठेपणी तो सायकलवर आणि होडीत हलके तंबू घेऊन हिंडू लागला, १९०१ साली त्याने सायकलवरून तळ टाकणाऱ्या हौशी मंडळींचा संघ स्थापन केला आणि १९०८ साली या विषयावरचे पुस्तक लिहिले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०७ च्या ऑगस्टात, बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर भरवले आणि त्यातून बालवीरांची चळवळ जगभर पसरली. पण मुळाशी काय होते? बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेले एक कुटुंब! गरजेचे पाल एका शिंप्याने हौसेचे केले, एवढाच त्याचा अर्थ.

लातूर, अंबाजोगाई असे करीत एस. टी. ने आम्ही अहिल्यानगर गाठले. तिथे भाचा मोटार घेऊन हजर होता. पुढे राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस. कोल्हारला आलो तेव्हा भर दुपार होती. टोळी फडात असणार, तेव्हा गाठोडे परतीच्या वाटेवर द्यायचे ठरले. संगमनेर मागे पडले, अकोले आणि राजूर गेले, ऊस संपला, भाताची कापलेली खाचरे दिसू लागली, आणि एका वळणावर समोर सह्याद्रीची रांग उभी राहिली. उत्तरेला कळसूबाई, १,६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. पलीकडे, ज्याच्या माथ्यावर वाऱ्याने कोरलेले नेढे आहे तो रतनगड. आणि या डोंगरांच्या ओंजळीत साठलेले ते पाणी!

जळकोटच्या माणसाने पाणी पाहणे आणि मुंबईच्या माणसाने पाणी पाहणे यात फरक असतो. आमच्या गावाच्या नावात जळ आहे. पण उन्हाळ्यात त्याचा अर्थ ‘जळणे’ या धातूवरून लावावा लागतो. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला आली. दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. ती पाहायला लोक फलाटावर गर्दी करून उभे होते. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना असे तळे पाहिल्यावर आधी सौंदर्य दिसत नाही. आधी हिशेब दिसतो.

तो हिशेब आमच्या कन्येनेच केला. भंडारदऱ्याचे धरण दगडी बांधणीचे. काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. उंची २७० फूट. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला देण्यात आले. तळ्यात मावते ते पाणी सुमारे अकरा टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट. “बाबा,” ती म्हणाली, “लातूरला आली तशा सहा लाखांपेक्षा जास्त गाड्या भरतील.” त्यानंतर थोडा वेळ मोटारीत कोणी काही बोलले नाही.

आमचा तळ शेंडी गावापासून थोडा दूर, पाण्याच्या रेषेपासून साठ-सत्तर पावलांवर होता. निळे-नारिंगी असे दहा-बारा तंबू, मध्ये शेकोटीची जागा, एका बाजूला पत्र्याची मोरी आणि शौचकूप, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकाची झोपडी. तळ चालवणारा गडी तिथल्याच वाडीतला, पन्नाशीचा. त्याची दोन मुले, सून आणि पुतण्या मिळून सगळी व्यवस्था पाहत. हल्लीचे तंबू म्हणजे मोठी गंमत असते. लवचिक दांड्या एकमेकींत खुपसल्या की घुमटासारखा तो टुणकन उभा राहतो. भाच्याने हौसेने एक तंबू उभारला आणि तळमालकाने तितक्याच शांतपणे तो उपटून दहा हात वर नेला. “हितं उतार आहे, पाव्हणं. रातचं पाय वर अन् डोकं खाली व्हईल. अन् दार वाऱ्याकडं नाय करायचं.”

ज्यांना असा मुक्काम करायचा असेल त्यांनी दोन-चार गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ सगळ्यांत सोयीचा. पावसाळ्यात हा प्रदेश अपूर्व दिसतो खरा, पण घाटमाथ्याचा तो पाऊस तंबूला जुमानत नाही. तंबू पाण्याला चिकटून ठोकू नये आणि जुनाट, वाळक्या फांद्यांच्या झाडाखालीही ठोकू नये. धरणाच्या तळ्यात पोहण्याचा मोह टाळावा. नदीचा घाट पायरी-पायरीने उतरतो. धरणाचा काठ तसा नसतो. दोन पावले गाळ आणि तिसऱ्या पावलाला जुन्या दरीचा कडा, असा त्याचा विश्वासघातकी स्वभाव असतो. शेकोटी ठरलेल्या जागीच पेटवावी आणि निजण्यापूर्वी पाणी ओतून विझवावी. आसपास कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, हे विसरू नये. आणि जे जे बरोबर आणले ते ते बरोबर परत न्यावे. तळ्याला केराची टोपली समजणाऱ्यांनी घरीच बसावे हे उत्तम.

रात्रीच्या जेवणाला तांदळाची भाकरी, पिठले, वांग्याचे भरीत आणि वाफाळता भात. घरी या जेवणाला सौभाग्यवतींनी “आज काही केलंच नाही” असे म्हटले असते. तिथे मात्र शेकोटीच्या उजेडात त्याला मेजवानीची चव आली. जेवण झाल्यावर आम्ही अंगणातल्या सतरंजीवर आडवे झालो आणि वर पाहिले.

गावात राहूनही आकाश पाहायचे आपण सोडून दिले आहे. डोक्यावर कृत्तिकांचा झुबका, लालसर रोहिणी, तीन ठळक ताऱ्यांचा बाण रुतलेला मृग आणि त्याच्या मागे लागलेला व्याध. ज्या मृगाच्या नावाने आमचा शेतकरी जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावून बसतो, ते नक्षत्र तेव्हा सूर्याच्या उजेडात बुडालेले असते. ते असे मोकळेपणी दिसते हिवाळ्यातल्या रात्री. हे मी कन्येला सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे ज्याची वाट बघायची, ते त्या वेळेला दिसतच नाही!” मराठीच्या अध्यापकाची मुलगी, त्यात तिचा काय दोष?

या स्वर्गसुखात अकराच्या सुमारास व्यत्यय आला. शेजारच्या तळावर कुणा मंडळींनी मोटारीतला ध्वनिवर्धक लावला आणि समोरच्या डोंगराने तो सिनेमातला ठेका जसाच्या तसा परत पाठवायला सुरुवात केली. शहरातला जो गोंगाट सोडून माणसे इथे येतात, तो गोंगाटच ती मोटारीत घालून आणतात, हे एक कोडेच आहे. तळमालकाचा मुलगा जाऊन हात जोडून आला, तेव्हा कुठे तळे पुन्हा तळ्यासारखे झाले.

मग थंडी आली. ती वरून येईल म्हणून आम्ही कानटोप्या घालून तयार होतो. ती आली खालून. पातळ गादीतून जमिनीचा गारठा असा चढू लागला, की एक वाजता मी मुकाट्याने उठून विझत आलेल्या शेकोटीजवळ येऊन बसलो. तळमालक जागाच होता. “खालून मारती ना थंडी?” असे म्हणत त्याने झोपडीमागून भाताचा पेंढा आणला, आमच्या गाद्यांखाली वीतभर पसरला आणि मला चहा दिला.

त्या तासाभरात जे ऐकले ते कोणत्याही जाहिरातीत नसते. त्याच्या आज्याची भातखाचरे या पाण्याखाली गेलेली. उरली ती डोंगरउताराची जमीन. पाऊस इथे कोसळतो, पण थांबत नाही. धरण भरते आणि प्रवरेने, पुढे कालव्यांनी खाली निघून जाते. काठावरच्या वाड्यांतल्या बायका उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण त्यांनी पुस्तकातून शिकलेली नाही. तरुणपणी तो दर हिवाळ्यात बायकोला घेऊन नारायणगावला मजुरीला जाई. पहाटे चौकात उभे राहायचे आणि कुणी बोलावील त्याच्या मळ्यात राबायचे. “तंबू आलं तवापासून थंडीतलं जाणं सुटलं,” तो म्हणाला. “पोरांची शाळा नाय बुडत. पण जागा इकत घेणारं लई फिरत्यात आता. त्यांचा तळ झाला, की आमी पुन्हा भांडी घासायलाच.”

मे अखेरीस आणि जूनच्या आरंभी इथे काजव्यांचा हंगाम असतो, त्याविषयीही तो बोलला. पावसाच्या तोंडावर हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर लक्षावधी काजवे एका तालावर लुकलुकतात. तो त्यांच्या स्वयंवराचा काळ असतो. नर आपल्या पोटातल्या थंड प्रकाशाने मादीला खूण करतो आणि मादी त्याला उत्तर देते. “माणसं काजवं बघाया येत्यात अन् मोटारीचं दिवं लावून उभी ऱ्हात्यात,” तो म्हणाला. जिथे मोटारीचे दिवे आणि विजेऱ्या झळकतात, तिथे ही बोलणी फिसकटतात, आणि पुढल्या साली झाड काळोखे राहते. ज्यांना काजवे पाहायचे असतील त्यांनी दुरून, दिवा मालवून, गप्प उभे राहावे. एवढी दक्षिणा फार नाही.

दुसरा दिवस रतनवाडीला गेला. अमृतेश्वराचे ते कोरीव, जुने मंदिर पाहिले. रतनगडाच्या परिसरातच उगम पावणारी प्रवरा पाहिली. कोवळ्या पोरीसारखी खडकांवरून उड्या मारत ती तळ्यात शिरते. दुसऱ्या रात्री पेंढ्याच्या कृपेने गाढ झोप लागली. पहाटे तंबूचे दार उघडले तो तळे नाहीसे झालेले! पांढऱ्या धुक्याचा एक सपाट माळ, त्यावर कुठूनतरी पाणकावळ्यांची एक ओळ. हळूहळू ऊन उतरले तसे पाणी परत आले. दहा मिनिटांत दोन्ही तंबूंच्या गुंडाळ्या झाल्या. जिथे दोन दिवस आमचे घर होते तिथे चेपलेल्या गवताचे दोन चौकोन तेवढे उरले. माणसाला जगायला किती थोडे लागते, हे त्या चौकोनांनी सांगितले. घरी परतल्यावर ते विसरायला फार वेळ लागत नाही, ती गोष्ट वेगळी.

कोल्हारच्या पुढे रस्त्यापासून थोड्या आत, कालव्याच्या कडेला, टोळीची वस्ती सापडली तेव्हा दिवस मावळत होता. पंधरा-वीस कोप्या. चुली पेटलेल्या. ट्रॅक्टरच्या टपावर गाणे लागलेले. विद्यार्थ्याची आई नुकतीच फडातून आली होती. हातांना पाचटाच्या पातींनी कापलेल्या बारीक रेघा. मुलाचे मास्तर आले म्हटल्यावर तिची जी तारांबळ उडाली ती पाहून मीच संकोचलो. शाल तिने अंगावर घेतली नाही; घडी न मोडता उशाला ठेवली. चहा टाकला. सौभाग्यवती आणि कन्या कोपीत वाकून शिरल्या. आत एक पेटी, दोन गोधड्या, देवाचे चित्र, आणि सारवून लख्ख केलेली जमीन.

“कुठं गेलता?” तिने विचारले.

पंचवीस वर्षे बोलण्यावर पोट भरणारा मी, मला पटकन शब्द सापडेना. शेवटी कन्येनेच सांगितले, “तळ्यावर. तंबूत राहायला.”

मला वाटले, ती हसेल. ती हसली नाही. तिने काळजीने विचारले, “मग खाली काय घातलं हुतं? पाचट घालावं बाई, वीतभर. नाहीतर भुईचा गारवा हाडात शिरतोय. अन् पालाच्या कडंनं चर काढावा, पाऊस आला तर पाणी आत येत नाही.”

तळमालकाने मध्यरात्री जे शिकवले होते, नेमके तेच! होल्डिंगसाहेबाचे पुस्तक तिने वाचले असण्याचा संभव नव्हता. तिच्या दृष्टीने आम्ही हौशी नव्हतोच. एका रात्रीपुरते का होईना, पालात राहिलेली माणसे होतो, आणि पालातल्या माणसाने पालातल्या माणसाला विचारावे तसे ती विचारत होती.

निघताना सौभाग्यवतींनी हळूच मला सांगितले, “इथं बायकांना जायला आडोसासुद्धा नाही हो. अंधार पडायची वाट बघतात.” तळ्याकाठच्या पत्र्याच्या मोरीला दोन दिवस नावे ठेवणाऱ्या आम्ही दोघांनीही त्यानंतर तिचा उल्लेख केला नाही.

मोटारीत मी हिशेब करीत बसलो. ऊस तोडून भरायला टनाला साडेतीनशेच्या थोडे वर. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला दीड-दोन टन. आमच्या दोन रात्रींचे आठ हजार म्हणजे त्या जोडप्याची अकरा ते पंधरा दिवसांची मजुरी. आणि तो ऊस कुणाच्या पाण्यावर वाढलेला? भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेने खाली येते, ओझरच्या बंधाऱ्यापाशी दोन कालव्यांत वळते आणि संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या शिवारांत फिरते. याच पाण्याच्या बळावर विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला. १९५० साली तिथे पहिले गाळप झाले आणि या मुलखाचे रूप पालटले. ते फार मोठे काम होते यात शंका नाही. पण ज्या पाण्याकाठी आम्ही मौजेचा तंबू ठोकला, त्याच पाण्याने वाढलेल्या उसाकाठी माझ्या विद्यार्थ्याच्या आईची कोपी होती. तळे तेच, त्याच्या एका टोकाला हौस होती आणि दुसऱ्या टोकाला पोट.

मग काय, अशा सहलींना जाऊच नये? मला तसे वाटत नाही. उघड्यावर निजण्यात एक निर्मळ आनंद आहे आणि तो मी स्वतः चाखला आहे. त्या आनंदावर आज जन्मलेल्या पोराचाही हक्क आहे. माझी मुलगी मृग नक्षत्र ओळखायला जे शिकली, ते मी तिला घरात बसून शिकवू शकलो नसतो. शिवाय ज्या आठ हजारांचा मी हिशेब मांडला, त्यांतूनच त्या तळमालकाचे नारायणगाव सुटले होते. फक्त एवढे उमगावे, की तंबूतली मौज ही तंबूची नसते. परत जायला घर असते, त्याची असते. आणि जिथे जायचे तिथल्या माणसाच्याच तळावर उतरावे, त्याच्याच हातचे खावे, त्याला रास्त दाम द्यावे. म्हणजे आपल्या दोन रात्रींच्या पालापायी कुणाचे तरी सहा महिन्यांचे पाल सुटते.

जळकोटला परतल्यावर मी विद्यार्थ्याला आईचा निरोप दिला: अभ्यास कर, आजीला जप. त्याने सगळे विचारून घेतले. तंबू किती, माणसे किती, जेवायला काय, पेंढा कुठला. मग म्हणाला, “सर, आपला तिरूचा तलाव हाय की.” हाळी-हंडरगुळीजवळचा तिरू नदीवरचा तो जलाशय. भंडारदऱ्यापुढे अगदी लहान, भोवती डोंगर नाहीत, आणि उन्हाळ्यात तो आटतोही. पण पाऊस बरा झाला की हिवाळ्यात तिथे परमुलखातले पक्षी उतरतात, आणि जानेवारीतला मृग तिथल्याही डोक्यावर तेवढाच ठळक असतो. यंदाचे आमचे सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर शाळेच्या खोल्यांऐवजी तिरूच्या काठी पाले ठोकून घ्यावे, असे आता आम्ही मनात धरले आहे. परवानगीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे दिवाळीचे दिवे लागलेले असतील, आणि वाडी-वस्त्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहिले असतील. त्यांत गोधड्या चढतील, पेट्या चढतील, बांबू आणि ताडपत्री चढतील, खुराड्यातली कोंबडी चढेल, आणि शेवटी माणसे चढतील. माझ्या विद्यार्थ्याची आईही त्यांत असेल. तो स्वतः मात्र या साली शेवटच्या वर्षाला आहे आणि शिबिराचा तंबूप्रमुख त्यालाच नेमला आहे. परवा वर्गात मी तंबूंच्या सामानाची यादी करीत होतो. दोर झाले, मेखा झाल्या, कंदील झाले. तो मागच्या बाकावरून उठून म्हणाला,

“सर, एक राहिलं. खाली घालायला पाचट.”

मी ते यादीत सर्वांत वर लिहिले.